जी गाढवाचा, व्ही विंचवाचा

प्रिय खारू,

अक्षर ओळखलंस का? ओळखलं असशील तर आधी हे एक वाक्य वाच आणि मग निवांत बस: घरी सगळं ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाही. आठ वर्षांनी अचानक कागदी पत्र हातात पडलं की माणसाच्या मनात भलतंसलतं येतं, म्हणून हे पहिल्यांदा सांगितलं. पत्ता तुझ्याच बिलावरून घेतला. गेल्या तीन महिन्यांत तू एका दातांच्या लॅबला ऑपरेटिंग सिस्टीमची लायसन्स की विकलीस, ती बिघडली, मग दुसरी दिलीस. बिलावर लॅबचं नाव आणि ईमेल, एवढंच होतं, त्यामुळे तुला कळायचं काही कारण नव्हतं. ती लॅब माझी आहे.

हो, तुझी ताई आता दात करते. तू गेलास त्यानंतर दोन वर्षांनी बाबांनी दुकान बंद केलं. टाइपरायटर तर कधीच संपले होते, कॉम्प्युटरही लोक आता दुरुस्त करत बसत नाहीत, फेकतात आणि नवे आणतात. मी एका दंतवैद्याकडे नोकरी धरली, काम शिकले, आणि मग दुकानाच्याच जागेत स्वतःची लॅब थाटली. कवळ्या, कॅप, ब्रिज, सगळं करते. आपल्या भागातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्या दातांनी जेवतात आणि माझ्याच दातांनी एकमेकांची उणीदुणी काढतात. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून नकली दात घासून आकार द्यायच्या माझ्या छोट्या मोटारी दुरुस्त करतात. मोटार बिघडलेली नसली तरी करतात.

तर झालं असं. माझ्याकडे एक स्कॅनर आहे. प्लास्टरचा साचा त्यात ठेवला की दात पडद्यावर दिसतो आणि मी तो तिथेच घडवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो रुसून बसला. कंपनीचा मेकॅनिक आला, त्याने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, “स्कॅनर ठणठणीत आहे, पण कॉम्प्युटरमधली सिस्टीम म्हातारी झाली. आता नवी घातल्याशिवाय हा चालायचा नाही.” नव्या सिस्टीमची किंमत ऐकून दात करणाऱ्या बाईचेच दात आंबले. माझा चेहरा बघून जाता जाता तो म्हणाला, ऑनलाइन बघा, तिथे बरीच सूट मिळते, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

तीन दिवस मी डोळे उघडे ठेवून बघत होते. काय एकेक नग भेटले! एक जण चहाच्या भावात आयुष्यभराचा परवाना देत होता. दुसऱ्याच्या पानावर लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘सवलत संपायला फक्त सात मिनिटं.’ दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तेव्हाही सातच मिनिटं. तिसऱ्याची स्तुती करणारे पन्नास ग्राहक होते, आणि पन्नासही जणांनी ‘उत्तम’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकवला होता. मग एक साधं पांढरं पान सापडलं. त्यावर आरडाओरडा नव्हता. सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘हा परवाना एकाच यंत्राला चिकटतो. उद्या यंत्र बदललंत तर तो सोबत येणार नाही. हे आधी वाचा, मग घ्यायचा की नाही ते ठरवा.’ ज्याला विकण्याआधी खोट सांगायची बुद्धी होते, त्याच्याकडून घ्यावं असं मला वाटलं. घेतला.

दहा मिनिटांत ईमेल आला. पंचवीस अक्षरं, पाच-पाचच्या गटात. त्याखाली काय कुठे दाबायचं त्याच्या सूचना, आणि सगळ्यात शेवटी: ‘अक्षरं कुणाला वाचून दाखवायची झाली तर गोंधळ होऊ नये म्हणून अशी वाचा. बी बोक्याचा, डी डासाचा, जी गाढवाचा, एम मिशीचा, एन नाकाचा, पी पिसाचा, टी टाचणीचा, व्ही विंचवाचा.’

मी तेव्हा वाडग्यात प्लास्टर कालवत होते. ते वाडग्यातच दगड झालं.

बाबा फोनवर गोदामवाल्याला टाइपरायटरच्या भागांचे नंबर सांगायचे ते आठवतं ना? कानाला फोन, एका हातात पट्टी, आणि दुकानभर आवाज: “जी! जी! अहो, जी गाढवाचा!” एकदा समोरच्या खुर्चीत बँकेचा साहेब बसला होता, तो दचकून इकडेतिकडे बघायला लागला, आणि तू टेबलाखाली हसून हसून लोळलास. बाकीची अक्षरं बाबांची, पण बाबांचा व्ही विमानाचा होता. विंचवाचा तू केलास. सहा वर्षांचा होतास, कुठल्याशा पुस्तकात विंचवाचं चित्र पाहून आलास, आणि विमान नको, विंचूच पाहिजे म्हणून दिवसभर भोकाड पसरलंस. शेवटी बाबांनी गोदामवाल्याला फोनवर सांगितलं, “आजपासून व्ही विंचवाचा, लिहून घ्या.” जगाच्या पाठीवर व्ही विंचवाचा म्हणणारी माणसं तीनच. दोघं इथे या खोलीत होती.

मी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी ‘की मिळाली, वाटच बघत होते. चालली, धन्यवाद’ एवढंच पाठवलं. तुझं लगेच आलं, ‘धन्यवाद ताई, काही अडलं तर केव्हाही विचारा.’ मला माहीत आहे, दुकानदार येईल त्या बाईला ताई म्हणतो. तरी मी तो शब्द बराच वेळ बघत बसले.

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं तू विचारशील. तुला शोधलं का नाही, असंही विचारशील. पहिल्या वर्षी तुझे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी तुटक बोलले. नंतर तुझा नंबर बंद झाला, तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं हलकंच वाटलं. कारण तू समोर आलास की मला एक गोष्ट बोलावी लागली असती. तुला ती माहीत आहे. बाबांना नव्हती.

नर्सिंग शाळेच्या त्या बारा कॉम्प्युटरची. सिस्टीमच्या खऱ्या, परवान्याच्या डिस्क यायला उशीर झाला होता आणि शाळेला सोमवारी सगळं चालू हवं होतं. तू म्हणालास, आत्ता कॉपी घालू, खऱ्या आल्या की बदलू. मी म्हणाले, “चालतंय रे, सगळेच करतात.” नुसती म्हणाले नाही, माझ्या खणातून काढून डिस्क दिली. तिच्यावरचं लेबल माझ्या अक्षरातलं होतं; शाळेत जाऊन ती घालून आलास तू. पुढे खऱ्या आल्या त्या कपाटात राहिल्या, तू विसरलास, मीही विसरले. चार महिन्यांनी शाळेत तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकाबाई नोटिशीचा कागद घेऊन दुकानात आल्या. बाबांनी तो वाचला आणि विचारलं, “हे कुणी केलं?” तू म्हणालास, “मला माहीत नाही.” बाबांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालास, आणि एकदाच, अगदी एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी पाकिटांवर पत्ते लिहीत होते. मान वर केली नाही.

बाबा म्हणाले, “चूक पोटात घातली असती. तोंडावर खोटं बोलणारा माणूस माझ्या दुकानात नको.” गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग घेऊन गेलास. आई असती तर तिने काहीतरी केलं असतं, पण ती तू नववीत असतानाच गेली होती, आणि तिच्या जागी मी होते. बाबा त्यानंतर तीन दिवस त्या शाळेत जाऊन बसले आणि बाराही कॉम्प्युटरवर खऱ्या डिस्क स्वतःच्या हाताने घातल्या.   तुझं नाव घरात घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते घेतलं गेलं नाही.

आता पुढचं ऐक. तुझ्या सूचना मी छापून घेतल्या होत्या, तो कागद कॉम्प्युटरपाशी होता. दोन दिवसांनी तो जागेवर दिसला नाही. प्लास्टरच्या पसाऱ्यात गेला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. पाच आठवडे सिस्टीम उत्तम चालली, आणि एका सोमवारी पडद्याच्या कोपऱ्यात पुसट अक्षरं उमटली की हा परवाना वैध नाही. तुला तक्रार लिहावी म्हणून तुझ्या साइटवर माझ्या खात्यात गेले, तर तिथे मी न लिहिलेले नऊ निरोप होते.

पहिला असा होता: ‘महोदय, आपण दिलेला परवाना खरा आहे हे कशावरून समजावे?’ त्यावर तू लिहिलं होतंस, ‘ताई, अगदी बरोबर विचारलंत,’ आणि कसं तपासायचं ते सांगितलं होतंस. मग, ‘महोदय, आपण या व्यवसायात किती वर्षे आहात?’ ‘सहा वर्षं, ताई.’ मग, ‘महोदय, दिवसभर पडद्याकडे पाहून डोळ्यांना त्रास होत असेल.’ ‘होतो ताई, गेल्या वर्षी चष्मा लागला.’ आणि मग, ‘महोदय, जेवणाच्या वेळा पाळता काय?’ यावर तू दिवसभर गप्प होतास. नंतर भीतभीत विचारलंस, ‘ताई, हा प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल आहे का?’ उत्तर आलं होतं, ‘नाही. तरी उत्तर द्यावे.’ तू लिहिलंस, ‘पाळतो ताई.’

खारू, ते बाबा होते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी दवाखान्यांत दात पोहोचवायला जाते, तेव्हा ते माझ्या कॉम्प्युटरवर बसत होते. की-बोर्ड टाइपरायटरसारखा ठोकतात, दोन बटणं सैल झाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या माणसाला कुणी काका म्हटलेलं खपत नाही, त्याने दोन महिने तुझं ‘ताई’ मुकाट्याने ऐकून घेतलं. तुझा कागदही त्यांच्याच शर्टाच्या खिशात निघाला, कपडे धुवायला घेतले तेव्हा. मी तो परत तिथेच ठेवला.

मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्या निरोपांखाली माझी तक्रार लिहिली. तासाभरात तुझं उत्तर आलं, ते तुला आठवत असेल, मला तर पाठ झालंय. ‘ताई, चूक माझी आहे. बंद पडलेल्या कंपनीचे उरलेले परवाने म्हणून एका घाऊक विक्रेत्याने मला ते दिले होते. प्रत्यक्षात एकाच ऑफिसची की त्याने अनेकांना विकली होती. मी नीट खात्री करायला हवी होती, केली नाही. ज्या एकेचाळीस जणांना ती दिली त्या सगळ्यांना आज कळवलं आहे. तुम्हाला नवी पाठवत आहे, ही थेट कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून घेतलेली आहे, त्याचं बिलही सोबत आहे.’

हे मी बाबांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं, जणू कुणा परक्या विक्रेत्याचं आहे. त्यांच्या हातात मोटारीतला कार्बनचा ब्रश होता, तो तसाच राहिला. “कबूल करतोय,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “एकेचाळीस जणांना सांगितलं म्हणतो. कुणी न विचारता.” आणि ब्रश उलटा बसवला. त्यांच्या हातून ब्रश उलटा बसलेला मी आजवर पाहिला नव्हता.

तुझं ते उत्तर वाचल्यावर मला माझं गप्प राहणं असह्य झालं. तू एकेचाळीस अनोळखी लोकांना सांगितलंस आणि मला घरातल्या एका माणसाला सांगता येत नव्हतं. गेल्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी बाबांना डिस्कचं सांगितलं. खण माझा, लेबल माझं, ‘चालतंय’ म्हणणारी मी, आणि त्याने खोटं सांगितलं ते मला वाचवायला. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “तेव्हा का नाही बोललीस?” मी म्हणाले, “तुम्ही मलाही घालवलं असतं.” ते पटकन म्हणाले, “तुला नसतं घालवलं.”

आणि मग आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. जेवायच्या वेळेला परत आले. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढचे दोन दिवस, भिंतीकडच्या तुझ्या जुन्या टेबलावर मी साचे ठेवते ते एकेक करून उचलून फळीवर मांडले, टेबल पुसलं आणि रिकामं ठेवलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तुझी माफी मला मागायची आहे, पण ती कागदावर मागणार नाही. तोंडासमोर मागेन, तू काय म्हणशील ते ऐकेन. हे पत्र त्यासाठी नाही. मंगळवारी मी दवाखान्यांतून परत आले तेव्हा बाबांनी कॉम्प्युटर बंद केला होता आणि खिडकीबाहेर बघत बसले होते. जेवताना अर्धी पोळी पानात टाकली. बुधवारी त्यांची नजर चुकवून मी तुमचे निरोप वाचले. त्यांनी विचारलं होतं, ‘महोदय, आपण घरी येऊन काम करता काय?’ आणि तू लिहिलं होतंस, ‘क्षमस्व ताई, आम्ही कुणाच्याही घरी येत नाही, सगळं काम लांबूनच करतो.’ तुझी काही चूक नाही, तुला काय माहीत. पण तो प्रश्न विचारायला त्यांना आठ वर्षं लागली आहेत. ते पुन्हा विचारतील, मी त्यांना ओळखते. आज सकाळी पडद्यावर ‘महोदय’ एवढं लिहून बसले होते आणि माझी चाहूल लागताच त्यांनी ते पुसलं. तुझ्या साइटवर लिहिलं तर ते वाचतील, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे, त्यांच्या पुढच्या प्रश्नाआधी तुला मिळावं म्हणून. बिलावरचा पत्ता पाहिला, बसने दोन तासांचा रस्ता आहे. तू त्यांना ओळखलंस हे त्यांना सांगू नकोस, माझं पत्र आलं म्हणूनही नको. फक्त ‘हो, येतो’ एवढं लिही आणि वार कळव.

तुझीच,
ताई